दोन गोपाळ, दोन विष्णू : नारायण पेठेतील एका घराण्याच्या वंशावळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातील एका कुलमंडळाने आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढण्याचे ठरवले आणि सर्व शाखांकडून वंशावळीचे तक्ते मागवले. त्यांत कोथरूडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा तक्ता होता. या लेखात त्यांना ताई म्हटले आहे. घराण्याचे आडनाव आणि मूळ गावाचे नाव दिलेले नाही, तसेच पूर्वजांची नावेही बदलली आहेत. नावांचा क्रम मात्र मुद्दाम मूळचाच ठेवला आहे, कारण सगळा घोळ त्या क्रमातूनच झाला होता.

ताईंच्या तक्त्याप्रमाणे घराण्याचा पुण्यातील मूळ पुरुष गोपाळ विष्णू. त्यांचे मूळ गाव वाईजवळचे. पेशवाई बुडाल्यावर ते पुण्यास आले, नारायण पेठेत त्यांनी घर घेतले आणि पुढे ते प्लेगात वारले, अशी घरातली कथा. त्यांचा मुलगा विष्णू गोपाळ, म्हणजे ताईंचे आजोबा. आणि आजोबांचा मुलगा म्हणजे ताईंचे वडील, ज्यांचा जन्म १९२० सालचा. गोपाळरावांच्या जन्माचा आधार म्हणून ताईंनी एका जन्मपत्रिकेची प्रत जोडली होती, तर घर घेतल्याचा आधार म्हणून मोडी खरेदीखताचे सत्तरच्या दशकात टंकलिखित केलेले देवनागरी लिप्यंतर. पत्रिकेत शके १७१७ (इ. स. १७९५-९६) आणि खरेदीखतात शके १७५५ (इ. स. १८३३-३४). म्हणजे घर घेतले तेव्हा गोपाळरावांचे वय सुमारे अडतीस. हिशेब बसत होता, आणि तो बसत असल्यामुळेच इतकी वर्षे घरातल्या कोणी त्यावर शंका घेतली नव्हती.

अडचण

कुलवृत्तांताच्या संपादकांनी तक्ता परत पाठवला. त्यांचा आक्षेप एका वाक्याचा होता : १७९५ ते १९२० या सव्वाशे वर्षांत केवळ तीन पिढ्या कशा? वीस-बावीस वर्षांचा पुरुष बाप होत असे त्या काळात एवढ्या अवधीत पाच पिढ्या सहज व्हाव्यात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे मिळाला. त्यात त्यांचा जन्म १८८४ चा होता, म्हणजे तक्ता खरा मानल्यास गोपाळरावांना एकोणनव्वदाव्या वर्षी पुत्र झाला असे मानावे लागले असते.

याखेरीज आणखी एक विसंगती ताईंना आधीच ठाऊक होती, पण त्यांनी ती बाजूला ठेवली होती. त्यांच्या भाचीने शहराच्या जन्म-मृत्यू नोंदींमध्ये शोध घेण्यासाठी अर्ज केला होता. त्यात ऑक्टोबर १९१८ मधील एक नोंद निघाली : नाव गोपाळ विष्णू, वय ६३, पेठ नारायण, आणि घर नंबर ताईंच्या जुन्या घरपट्टीच्या पावतीवरचाच. १७९५ मध्ये जन्मलेला माणूस १९१८ मध्ये मरू शकत नाही, तेव्हा हा कोणीतरी नामसाधर्म्य असलेला भाडेकरू असावा, असे घरात ठरले. तक्त्याशी जुळत नाही म्हणून नोंद चुकीची ठरवली गेली. तक्ता तपासावा असे मात्र कोणाला वाटले नाही.

कथेतील दुसरी एक गोष्टही खटकण्याजोगी होती. १८१८ नंतर पुण्यातला दरबार उठला, शिलेदार, कारकून, भिक्षुक या सर्वांचा आश्रय गेला आणि शहराची वस्ती घटली. त्या काळी लोक पुण्याबाहेर पडत होते. अशा वेळी वाईकडचा माणूस पुण्यात येऊन घर घेतो हे अशक्य नाही. पडत्या काळात घरे स्वस्त मिळत असतील, हेही खरे. तरीही ‘पेशवाई बुडाल्यावर आले’ हे वाक्य पुण्यातील अनेक घराण्यांच्या तोंडी असते आणि त्यातून नेमके साल क्वचितच हाती लागते.

समोर असलेले पर्याय

संपादकांनी मुदत दिली होती. त्या मुदतीत काय करायचे याचे चार मार्ग चर्चेत आले.

पहिला मार्ग सोपा होता. तक्त्यातील सर्व साले काढून टाकायची आणि नावे तेवढी छापायची. पहिल्या आवृत्तीत अनेक शाखांचे असेच झाले होते. ताईंना हे पटले नाही.

दुसरा मार्ग ताईंच्या मनातला होता : पुणे पुराभिलेखागारात जाऊन पेशवे दफ्तरात गोपाळरावांचे नाव शोधायचे. याचा मोह समजण्यासारखा आहे. पुण्याच्या पेठांच्या खानेसुमारीच्या याद्या, म्हणजे घरवार मोजणीचे कागद, त्या दफ्तरात आहेत आणि घरमालकाचे नाव अशा यादीत सापडणे ही कोणत्याही घराण्याला भूषणाची गोष्ट वाटते. परंतु तेथे कागद रुमालांत बांधलेले, लिपी मोडी, आणि मांडणी विभागवार किंवा विषयवार. व्यक्तिनामांची एकत्र सूची नाही. तारखाही शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीत चालणाऱ्या एका जुन्या कालगणनेत, आणि अरबी संख्यानामांत असतात. ‘समान सलासीन मया व अलफ’ म्हणजे आठ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इ. स. १७३७-३८ हाती येते. हे सर्व शिकता येते, पण या प्रकरणात मूळ प्रश्न वेगळा होता. घर १८३३ मध्ये घेतले असेल आणि मनुष्य १८१८ नंतर आला असेल, तर पेशवेकालीन यादीत त्याचे नाव का असावे? ताईंनी हा मार्ग सोडून दिला. संपूर्ण शोधातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय मी यालाच म्हणेन, कारण वर्षानुवर्षे तेथे खेटे घालून रिकाम्या हाताने परतलेली माणसे मी पाहिली आहेत.

तिसरा मार्ग मृत्यूच्या नोंदी आणखी मागे चाळण्याचा. पुण्याची नगरपालिका १८५७ ची, म्हणून १८६० ते १८८० च्या दरम्यान गोपाळरावांचा मृत्यू नोंदला गेला असेल, अशी अपेक्षा होती. भाचीने त्यावर बराच वेळ घालवला आणि काही मिळाले नाही. नावावरून शोध घेण्याचा मोठा दोष असा की जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते. स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात किंवा धंदा आणि पेठ एवढ्यावर काम चालत असे. नारायण पेठेत गोपाळ आणि विष्णू ही नावे किती असतील याची कल्पना करता येते.

चौथा मार्ग घराचा माग काढण्याचा. माणसे येतात, जातात, एकमेकांची नावे घेतात. घर मात्र जागेवर असते, त्याला नंबर असतो, त्याच्या चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, असतात आणि त्यावर कर बसतो. ताईंनी हा मार्ग धरला. त्याला एक अडथळा होता, तो कागदांचा.

ट्रंक आणि चुलतभाऊ

‘पानशेतात सगळं गेलं’ हे उत्तर पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत इतके सर्रास मिळते की पुढे कोणी विचारत नाही. पानशेत धरण फुटून १२ जुलै १९६१ रोजी आलेल्या पुरात नारायण पेठेची मोठी हानी झाली आणि असंख्य घरांतली कागदपत्रे खरोखरच गेली. ताईंच्या घरातही हेच सांगत. त्यांनी तरीही चुलत्यांच्या घरी चौकशी केली, तेव्हा कळले की कागदांची एक ट्रंक पुराच्या वेळी पुण्यात नव्हतीच. चुलते त्या काळी नोकरीनिमित्त दौंडला होते आणि ट्रंक त्यांच्याकडे होती. ती आता त्यांच्या मुलाकडे आहे.

चुलतभावांनी ट्रंक दाखवायला प्रथम नकार दिला. ‘ताई, वाडा गेला, फ्लॅट झाले, आता जुने कागद उकरून काय मिळणार?’ असे ते म्हणाले. त्यांची धास्ती निराधार नव्हती. वाड्याच्या पुनर्विकासाच्या वेळी हिस्स्यांवरून कटुता आली होती, आणि जुन्या कागदाची मागणी म्हणजे नवा दावा, असा अर्थ पुण्यातला कोणताही गृहस्थ लावील. येथे दोन मार्ग होते. वडीलधाऱ्यांकडून दडपण आणायचे, किंवा हेतू स्पष्ट करून थांबायचे. ताईंनी दुसरा निवडला. कागदांचा उपयोग केवळ कुलवृत्तांतासाठी होईल, मूळ कागद घराबाहेर नेणार नाही, छायाचित्रांची एक प्रत चुलतभावांकडे राहील आणि मिळकतीचा तपशील छापणार नाही, असे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिले. काही आठवड्यांनी होकार आला.

ट्रंकेत मूळ खरेदीखत, मूळ जन्मपत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, आजोबांचा शाळेचा दाखला, श्राद्धासाठी गुरुजींना द्यायची एक चिठ्ठी आणि एक मोडी गहाणखत निघाले. सत्तरच्या दशकात ज्या काकांनी लिप्यंतर करून घेतले, त्यांनी फक्त खरेदीखत वाचवले होते. गहाणखत त्यांनी तसेच घडी घालून ठेवले, कारण कर्जाचा कागद कोणाला दाखवावासा वाटत नाही आणि मोडी वाचणारा पानामागे पैसे घेतो.

कार्यवाही : कागद काय सांगू लागले

ताईंनी सर्व कागद वाचून घेण्याचे ठरवले, त्यात कर्जाचाही. मोडी जाणणारी माणसे मिळण्यासाठी अलीकडे थांबावे लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि इतर जुनी दप्तरे तपासण्याचे काम वाढले आणि जाणकारांना उसंत राहिली नाही.

गहाणखत १८८३ चे होते. लिहून देणारे दोघे : विष्णू गोपाळ, उमर वर्षे ५५, आणि त्यांचा मुलगा गोपाळ विष्णू, उमर वर्षे २८, दोघेही राहणार पेठ नारायण. एकाच कागदावर बाप आणि मुलगा, दोघांची वये आणि घराच्या चतुःसीमा. तक्त्यात गोपाळ बाप होता आणि विष्णू मुलगा. गहाणखतात विष्णू बाप होता आणि गोपाळ मुलगा. शिवाय हा विष्णू ताईंचे आजोबा असणे शक्य नव्हते, कारण आजोबांचा जन्मच या कागदानंतर एक वर्षाने झाला.

येथे एक आक्षेप घेता येण्याजोगा होता आणि संपादकांनी तो घेतलाही : गहाणखतातले घर आणि खरेदीखतातले घर एकच कशावरून? दोन्ही कागदांतील चतुःसीमा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. पश्चिमेचा बोळ आणि उत्तरेची धर्मस्थळाची जागा दोन्हींत सारखी होती; पूर्वेचा शेजारी पन्नास वर्षांत बदलला होता, पण नव्या मालकाच्या वडिलांचे नाव जुन्या कागदातील शेजाऱ्याच्या नावाशी जुळत होते. पुढची साखळी घरपट्टीची पावती आणि मिळकत पत्रिका, म्हणजे नगर भूमापनातील धारकांच्या नोंदीचा उतारा, यांनी जोडली. पुण्यात पेठेतला घर नंबर वेगळा आणि नगर भूमापनाचा क्रमांक वेगळा. हे दोन आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे अनेकांचे शोध भलत्याच घरात जाऊन थांबतात. मिळकत पत्रिकेवरील जुने धारक आणि त्यानंतरच्या वारस नोंदी पाहिल्यावर आजोबांचे नाव वडिलांच्या, म्हणजे गोपाळ विष्णू यांच्या, जागी लागल्याचे दिसले. घर एकच होते.

आता उरली जन्मपत्रिका. ती हातात आल्यावर कळले की शकाच्या चार अंकांपैकी तिसरा अंक वाचताच येत नव्हता. कोणीतरी फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीबरोबर शाई निघून गेली होती. पहिला एक, दुसरा सात आणि शेवटचा सात स्पष्ट. मधला अंक काकांनी खरेदीखताशी मेळ घालून ‘एक’ मानला होता. पत्रिकेत संवत्सराचे नाव ‘राक्षस’ स्पष्ट लिहिलेले आहे. संवत्सराच्या नावावरून शक तपासता येतो हे अनेकांना ठाऊक असते, काकांनाही होते. त्यांनी पंचांग पाहिले असेल आणि शके १७१७ ला राक्षस संवत्सर आहे हे पाहून समाधान मानले असेल. परंतु संवत्सरे साठ आहेत आणि साठ वर्षांनी तेच नाव परत येते. शके १७७७ (इ. स. १८५५-५६) हाही राक्षस संवत्सरच. तिसरा अंक एक असो वा सात, संवत्सर दोन्हींना साक्ष देते.

ताईंनी पत्रिकेची छायाचित्रे एका पंचांग जाणणाऱ्या गुरुजींकडे नेली. साठ वर्षांत गुरूच्या सुमारे पाच आणि शनीच्या सुमारे दोन फेऱ्या होतात, त्यामुळे हे दोन ग्रह दोन्ही सालांत राशिचक्राच्या जवळपास त्याच भागात येतात आणि निवाड्याला फारसे उपयोगी पडत नाहीत. राहूची एक फेरी मात्र अठरा वर्षे सात महिन्यांच्या आसपास असते. साठ वर्षांत त्याच्या तीन फेऱ्या होऊन वर सुमारे ऐंशी अंश शिल्लक राहतात. पत्रिकेतील महिना श्रावण. शके १७७७ च्या श्रावणात राहू मेषेत होता, शके १७१७ च्या श्रावणात कर्केत. पत्रिकेत राहू मेषेत मांडलेला आहे. तिथी आणि वार यांचा मेळही १७७७ शीच बसला. फलज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, कुंडली ही एका क्षणाची नोंद असते, आणि नगरपालिकेच्या वहीत वय अंदाजाने लिहिले जात होते त्या काळात तिच्याइतकी काटेकोर जन्मनोंद दुसरी सहसा मिळत नाही.

पत्रिका १८५५ ची ठरली तेव्हा १८८३ च्या गहाणखतातील अठ्ठावीस वर्षे आणि १९१८ च्या मृत्यूनोंदीतील त्रेसष्ट वर्षे आपोआप जागेवर बसली. जी नोंद भाडेकरूची म्हणून टाकून दिली होती, ती ताईंच्या सख्ख्या पणजोबांची होती. आणि १८३३ मध्ये घर घेणारे गोपाळ विष्णू हे त्या पणजोबांचे आजोबा. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे गोपाळ-विष्णू-गोपाळ-विष्णू अशी माळ तयार झाली होती आणि घराच्या आठवणीत दोन गोपाळांचा एक आणि दोन विष्णूंचा एक झाला होता. मधल्या दोन पिढ्या अशा नाहीशा झाल्या.

श्राद्धाच्या चिठ्ठीचा अर्थ मग लागला. पिता गोपाळ, पितामह विष्णू, प्रपितामह गोपाळ असा तिच्यातला क्रम. ताईंच्या वडिलांनी ती वापरली असती तर पित्याच्या जागी विष्णू हवा होता, म्हणून घरात ती चुकीची समजली गेली होती. प्रत्यक्षात ती आजोबांनी स्वतःसाठी लिहिलेली होती. श्राद्धात वसु, रुद्र, आदित्य या रूपांनी तीनच पिढ्यांचा उच्चार होतो. चौथी पिढी उच्चारातून गळते आणि घराच्या स्मरणातूनही गळते. ही चिठ्ठी टिकली नसती तर आजोबांचे प्रपितामह कोण, हे घरातल्या कोणत्याच तोंडी परंपरेतून कळले नसते. चिठ्ठीत माता, पितामही आणि प्रपितामही यांचीही नावे आहेत. त्या तीन स्त्रिया दुसऱ्या कोणत्याही कागदात नावाने आलेल्या नाहीत. खरेदीखत, गहाणखत, मिळकत पत्रिका या सर्वांत पुरुषच आहेत. कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीतही बायकांच्या रकान्यात या शाखेपुढे रेघ मारलेली होती.

शेवटचा कागद नाशिकचा. ताईंनी घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे वही पाहण्याची विनंती केली. शके १८१९ च्या माघात, म्हणजे १८९८ च्या प्रारंभी, धाकटे गोपाळ विष्णू वडिलांच्या अस्थी घेऊन तेथे आले होते. त्यांनी स्वतःच्या मोडी हस्ताक्षरात लिहिलेले : वडील विष्णू, आजे गोपाळ, पणजे विष्णू, राहणार पुणे, मूळ गाव वाईजवळचे अमुक. थोरल्या गोपाळांच्या बापाचे नाव आणि मूळ गाव या दोन्ही गोष्टी येथे घराण्यातील माणसाच्या हातच्या मिळाल्या.

निष्पत्ती

संपादकांनी सुधारित तक्ता स्वीकारला. तीनऐवजी पाच पिढ्या, त्याआधीच्या एका पुरुषाचे नाव, आणि प्रत्येक सालापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले हे कंसात. प्लेगाच्या कथेचे काय करायचे यावर मतभेद झाला. १९१८ च्या नोंदीमुळे पणजोबा प्लेगात गेले हे तर उघडच संशयास्पद ठरले. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा महिना होता. तेव्हा ‘इन्फ्लुएंझाने निधन’ असे लिहावे, असे भाचीने सुचवले. पण जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण उघड करता येत नाही, आणि महिन्यावरून रोग ठरवणे म्हणजे पुन्हा कथा रचणेच झाले असते. प्लेगाची कथा १८९७-९८ च्या सुमारास वारलेल्या विष्णूंची असावी आणि नावांच्या माळेत ती पुढे सरकली असावी, हा तर्क बळकट आहे. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगाने हाहाकार केला होता. तरी नाशिकच्या वहीत कारण नाही. छापताना ‘कौटुंबिक स्मृतीनुसार घराण्यातील एक पुरुष प्लेगात वारले’ एवढेच ठेवले.

मूळ गावाच्या शाखेला पुण्याची शाखा जोडायची की नाही, हा प्रश्न सर्वांत कठीण ठरला. पहिल्या आवृत्तीत त्या गावच्या दोन वेगळ्या शाखांत विष्णूपुत्र गोपाळ दोन आहेत. एकाच्या नावापुढे ‘पुण्यास गेला’ असा शेरा आहे, दुसऱ्यापुढे काहीच नाही. संपादकांचा कल शेरा असलेल्या गोपाळाकडे होता. गोत्र आणि कुलदैवत जुळते, असेही कोणी म्हणाले. पण एकाच कुळातील दोन शाखांत ते जुळणारच, त्यावरून निवड होत नाही. ताईंनी विचारले की हा शेरा पहिल्या आवृत्तीत कोठून आला. मंडळाच्या जुन्या पत्रव्यवहारात उत्तर सापडले : खुद्द ताईंच्या आजोबांनी त्या वेळी पत्र पाठवून कळवले होते की आमचे पूर्वज गोपाळराव पुण्यास आले, आणि तत्कालीन संपादकांनी तो मजकूर एका गोपाळापुढे टाकला होता. म्हणजे ज्या शेऱ्याच्या आधाराने पुण्याची शाखा जोडायची, तो शेरा पुण्याच्याच शाखेकडून गेलेला होता. त्याला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नव्हते. संपादकांना ही गोष्ट मान्य झाली, काहीशी नाराजीने. नव्या आवृत्तीत पुण्याची शाखा स्वतंत्र छापली असून दोन्ही संभाव्य जागांकडे तुटक रेषा दाखवली आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वाधिक वेळ मृत्यूच्या नोंदींत गेला, आणि तो नावावरून शोधताना गेला. घरातले सर्व कागद आधी एकत्र करून, त्यातील घर नंबर आणि चतुःसीमा यांची यादी करून मग कार्यालयात गेले असते, तर भाचीच्या हाती आलेली पहिलीच नोंद उपयोगी ठरली असती, कारण त्या नोंदीतला घर नंबर जुळत होता. नावापेक्षा पत्ता अधिक विश्वासू असतो हे तेव्हा कोणी लक्षात घेतले नाही. दस्तनोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोन ही मिळकतीवरून शोधायची सूची आहे आणि शुल्क भरून ती पाहता येते. ट्रंक मिळाली नसती तर १८८३ च्या गहाणखतापर्यंत पोहोचण्याची वाट तीच होती, आणि चुलतभावांच्या होकाराची वाट पाहत असताना तिचा उपयोग करता आला असता.

काकांच्या लिप्यंतरावर भिस्त ठेवणे हा दुसरा मुद्दा. लिप्यंतर अचूक होते, असे मूळ खरेदीखत पाहिल्यावर दिसले. दोष त्याच्या निवडीत होता. एक कागद वाचवला, दुसरा नाही, आणि पत्रिकेतला अंक वाचलेल्या कागदाला धरून ठरवला. अशा वेळी अस्पष्ट अंकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून प्रत करणे हाच मार्ग आहे. टंकलिखित कागदावर ‘१७१७’ असे स्वच्छ उमटले की पुढच्या पिढीला मूळात काय दिसत होते हे कळत नाही. चिकटपट्टी तर लावूच नये. कागद फाटत असेल तर सपाट ठेवून आधी छायाचित्र काढावे.

चुलतभावांशी बोलणे शोधाच्या आरंभीच व्हायला हवे होते, याबद्दल आता दोघांचेही एकमत आहे. मात्र ताईंनी दिलेल्या लेखी हमीचा एक परिणाम असा की गहाणखताचा मजकूर कुलवृत्तांतात आलेला नाही. केवळ ‘१८८३ चा खासगी दस्तऐवज’ एवढा उल्लेख आहे. पुढे कोणी हा तक्ता तपासू पाहील, तर त्याला तो कागद पाहता येणार नाही. संपादकांना हे अपुरे वाटते, ताईंना शब्द पाळणे महत्त्वाचे वाटते. माझ्या मते ताईंचे बरोबर आहे. छायाचित्रांची बंद प्रत मंडळाकडे ठेवावी आणि ती उघडण्याची मुभा दोन्ही कुटुंबांच्या संमतीने द्यावी, अशी सूचना मी केली असून तिच्यावर अजून निर्णय झालेला नाही.

मूळ गावच्या दोन गोपाळांपैकी आपला कोणता, हे ठरवण्यासाठी त्या गावच्या इनाम-वतनाच्या कागदांत वाटणी किंवा हिस्सा सोडल्याची नोंद शोधावी लागेल. १८५२ च्या इनाम चौकशीच्या, म्हणजे इंग्रज सरकारने केलेल्या इनामांच्या हक्कांच्या तपासणीच्या, वेळी अशा घराण्यांनी आपापल्या वंशावळी सरकारात दाखल केल्या होत्या आणि ते कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातच आहेत. ताईंनी आरंभी सोडलेला तो मार्ग आता खरोखर उपयोगी ठरू शकतो, कारण कोणत्या गावचे, कोणत्या नावाचे आणि साधारण कोणत्या वर्षांतले कागद मागायचे हे आता ठाऊक आहे. भाचीने मोडीच्या वर्गाला नाव घातले आहे.